दाढेतलं फोलपट

रिठदच्या बौद्धपुऱ्यात लग्न असो की बारसं, पंगतीत शेवटचा भात वाढून झाला की ग्यानबा पडघान उठायचा. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात सूप. सुपात दातकोरण्या. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो प्रत्येकाच्या पत्रावळीशेजारी एकेक कोरणी ठेवत जायचा. वाकून ठेवायचा, वरून टाकायचा नाही. जेवणारा परगावचा पाहुणा असो की शेजारचा म्हातारा, त्याचं वाकणं सगळ्यांपुढे सारखंच असायचं.

हे काम त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं आणि त्याबद्दल तो काही घेतही नसे. पोट शेतमजुरीवर होतं, जीव मात्र कोरणीत होता. कडुनिंबाची काडी तो सावलीत वाळवायचा, कारण उन्हात वाळलेली काडी दातात मोडते. मग ती उभी चिरून, चाकूनं तासून गवताच्या काडीएवढी बारीक करायचा आणि एका टोकाला अणी काढायचा. ज्यांच्या दातांत फटी पडल्या होत्या त्यांच्यासाठी त्याचा वेगळा प्रकार होता. वडाच्या पारंबीचं सुतासारखं कोवळं टोक पाण्यात भिजवायचं आणि दगडावर हलक्या हातानं ठेचायचं. टोकाचे तंतू सुटायचे आणि केसांची असावी तशी इवलीशी कुंची तयार व्हायची. ती दोन दातांच्या मधून आरपार जायची.

"अनीनं कन निघते," तो सांगायचा, "पन जागा साफ होते थे कुचीनं. झाडल्याबिगर घर साफ होते का?"

ही कला त्याला बापाकडून मिळाली होती आणि बापाकडेही ती काही हौसेनं आलेली नव्हती. गावकीच्या कामात लाकडं फोडणं जसं त्यांच्या घराण्याकडे होतं, तसंच पाटलाच्या घरी मोठी पंगत असली की कोरण्यांची जुडी पोचवणंही होतं. जुडी उंबऱ्याबाहेर ठेवायची, मागं सरायचं आणि पंगत उठेपर्यंत थांबायचं. मग उरलंसुरलं टोपल्यात पडायचं. ग्यानबानं लहानपणी बापाच्या धोतराला धरून ते थांबणं पुष्कळदा सोसलं होतं. आत लोक जेवून दात कोरत बसलेले असायचे आणि बाहेर कोरणी करणाऱ्यांच्या पोटात अजून घासही गेलेला नसायचा.

छप्पन साली पुऱ्यातली माणसं भाकरी बांधून दीक्षेला नागपूरला गेली. ग्यानबाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. नवी नवरी केशरबाईसुद्धा पांढरं लुगडं नेसून बरोबर होती. परत आल्यावर गावकीची कामं सुटली. बापानं चाकू आढ्यात खोचला आणि या घरात आता कोरणी होणार नाही, असं सांगून टाकलं. ग्यानबाच्या मनाला ते पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. वाटेत निंबाची सरळ काडी दिसली की तो उचलायचा, बोटांत फिरवायचा आणि टाकून द्यायचा.

केशरबाईच्या ते ध्यानात आलं. एके दिवशी तिनंच आढ्यातला चाकू काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"करा की," ती म्हणाली.

"कोनासाठी? बाप काय म्हनला, ऐकलं नाई का तू?"

"पाटलासाठी नोका करू. आपल्या लोकाईले दात नाईत का? आपन आता पंगतीत बसून जेवतो. मंग पंगतीतच वाटा."

म्हाताऱ्यानं हे आतून ऐकलं. पुढच्या लग्नात लेक सूप घेऊन उठला तेव्हा पहिली कोरणी त्यानंच मागून घेतली. ग्यानबाचं वाटणं असं सुरू झालं.

केशरबाई पंगतीत मधोमध बसायची. कडेला बसणं तिला खपत नसे. हसणं मोठं, बोलणं त्याहून मोठं. वाढप्याला हाक मारून ती भात मागायची आणि ग्यानबा सूप घेऊन तिच्यापाशी आला की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "चांगली पाहून द्या हो पाटील. मोडकी नोको." पंगत हसायची. ग्यानबा मान खाली घालून पुढे सरकायचा आणि केशरबाई कोरणी अंबाड्यात खोचायची. तिच्या अंबाड्यात फूल कधी कुणी पाहिलं नाही, कोरणी मात्र कायम असायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा त्यांची एकुलती एक लेक बेबी हाताशी आली होती. नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो यायची, लाल रंगाची परदेशी ज्वारी. तिची भाकरी चिवट व्हायची, पोटात दगडासारखी बसायची आणि फोलपट दातांत असं काही जायचं की निघता निघायचं नाही. पंगती बंद पडल्या होत्या, पण ग्यानबाला त्या वर्षी उसंत नव्हती. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाशी माणसं तोंड उघडून त्याच्यापुढे बसायची.

"सरकारनं दाने देल्ले," तो म्हणायचा, "अन् फोलपट काढाचं काम मले देल्लं."

केशरबाई तंबाखू आधीपासून खायची, त्या भागातल्या पुष्कळ बाया खायच्या तशी. दुष्काळात मात्र तंबाखू तिच्या भुकेचं औषध झाली. दुपारची अर्धी भाकरी ती बेबीसाठी फडक्यात बांधून ठेवायची आणि चुना लावलेली चिमूट डाव्या गालात धरून पुन्हा हातोडा उचलायची. ग्यानबाला हे दिसत होतं. तिचे हात खडीनं फुटलेले असले की तळहातावर तंबाखू मळून तोच तिला द्यायचा.

दुष्काळ सरला. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी केशरबाई अंगणात येऊन त्याच्याजवळ बसली.

"अवो, पाह्यजा बरं जरासं. डाव्या दाढेत काईतरी अडकलं."

त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड उजेडाकडे वळवलं. दाढ आणि गाल यांच्या मधल्या जागेत पांढरट काहीतरी चिकटलेलं दिसलं. भिजलेलं मिलोचं फोलपट अगदी असंच दिसायचं. वर्षभर त्यानं तशी फोलपटं किती तरी तोंडांतून काढली होती.

"हाय," तो म्हणाला. "फोलपट हाय."

त्यानं अणी फिरवली. निघालं नाही. कुंची फिरवली. तरी ते जागच्या जागी.

"निघालं का?"

"निघीन. घट्ट बसलं."

चूळ भरल्यावर तिला जरा हलकं वाटलं. दोघांनी तेवढ्यावर समाधान मानलं. काही दिवसांनी ती पुन्हा मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, मग पुन्हा. तिची धाकटी बहीण विमलबाई त्याच पुऱ्यात दिलेली होती, दोन घरं सोडून राहायची. मेव्हण्याची थट्टा करायची संधी ती सोडत नसे.

"भाऊजी, साऱ्या गावाचे दात कोरता अन् घरच्या बायकोचं एक फोलपट निघत नाई?"

"तुह्यी बहीनच चिवट हाय. फोलपट बिचारं काय करीन?"

केशरबाई त्याच्या मांडीवर तोंड उघडं ठेवूनच हसली. पण थट्टा ग्यानबाला लागली होती. आपल्या हाताला न निघणारा कण असतो, हेच त्याला मान्य नव्हतं. तो वडाच्या झाडाखाली जाऊन आणखी बारीक पारंब्या निवडू लागला. कुंच्या इतक्या नाजूक झाल्या की बोटांत धरल्या तर दिसू नयेत. रोज सकाळी तो तिची ती जागा घासायचा.

घरात मिलो येणं कधीच बंद झालं होतं. नव्या ज्वारीच्या पांढऱ्या भाकरी होऊ लागल्या होत्या. तरी ते फोलपट होतंच. हे त्याला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. विमलबाईला मात्र खटकलं. तिनं थट्टा सोडून सरळच विचारलं, "भाऊजी, वाशीमले दाखवून कायले नाई आनत?"

"दातात अडकलं म्हनून कोनी दवाखान्यात जाते का?" ग्यानबा म्हणाला. "लोक हासतीन मले."

केशरबाईनंही त्याचीच बाजू घेतली. "यांचा हात असतानी मी डाक्टरपाशी कायले जाऊ व?"

हिवाळा गेला. घासलं की रक्त येऊ लागलं. पांढऱ्या जागेखाली बोटाला टणक लागू लागलं. उन्हाळ्यात एक दिवस भाकरीचा तुकडा तोंडाशी नेऊन ती थांबली, कारण तोंड तेवढं उघडेना. तिनं तुकडा लहान केला. तोही जाईना. तेव्हा कुठे ग्यानबानं सूप-चाकू बाजूला सारून एसटी गाठली.

वाशीमच्या डॉक्टरनं एकदा पाहिलं आणि अकोल्याची चिठ्ठी दिली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर वयानं लहान होता, बोलायला शांत होता. त्यानं तोंडात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.

"किती दिवसांचं आहे हे?"

"गेल्या पावसाळ्यापासून, साहेब," ग्यानबा म्हणाला. "मिलोचं फोलपट अडकलं होतं. मी काढून राह्यलो होतो, पन निघेना."

"हे फोलपट नाही, बाबा. हे मांसच आहे. वाढलेलं. तंबाखू खातात का या?"

ग्यानबानं मान हलवली. डॉक्टरनं केशरबाईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ती दाराबाहेर गेल्यावर ग्यानबा टेबलाजवळ सरकला.

"साहेब, म्या कोरलं तिथं. रोज कोरलं. त्यानं तं झालं नाई?"

"नाही. कोरण्यानं होत नाही हे. तंबाखूनं झालं." डॉक्टरनं बॅटरी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पण सुरुवातीलाच आणलं असतं, तर इतकं पसरलं नसतं."

डॉक्टर भला माणूस होता. पहिलं वाक्य त्यानं ग्यानबाच्या मनावरचा भार उतरवायला सांगितलं होतं. पण ग्यानबाला तो उतरवता आला नाही. कोरण्यानं झालं नाही हे खरं, पण सारा वेळ गेला तो कोरण्यात. आणि तंबाखूनं झालं म्हणावं, तर खडीच्या ढिगाशी ती मळणारा तळहात त्याचाच होता.

बाकावर केशरबाई वाट पाहत होती. "काय म्हनला?"

"नागपूरले जा म्हने. शेक देतात तिथं. विजेचा."

"नागपूर?" ती अर्ध्या तोंडानं हसली. "मंग पांढरं लुगडं काढा लागीन."

तिनं खरोखरच पांढरं लुगडं नेसलं. पहिल्या खेपेला ती ज्या शहरात भर गर्दीत चालत, घोषणा देत, भाकरी खात फिरली होती, त्याच शहरात ती या खेपेला एका लांब ओळीत भिंतीला टेकून बसली. शेक संपता संपता गालाची कातडी काळवंडली, तोंडातलं पाणी आटलं. घरी निघताना तिथल्या सिस्टरनं ग्यानबाला बाजूला घेतलं. जखमेला हात लावायचा नाही, पण दातांच्या फटीत अन्न राहू द्यायचं नाही, तोंडात लाळ उरलेली नाही, अडकलेलं लगेच कुजेल, असं तिनं दोनदा समजावलं. ग्यानबानं बंडीच्या खिशातून कुंची काढून दाखवली.

"हे चालीन का, बाई?"

सिस्टरनं ती बोटांत धरून पाहिली. "मिठाच्या पाण्यात उकळून घेत जा. आणि हात हलका ठेवा."

ज्या कामानं घात केला होता, तेच काम आता त्याला करायला सांगितलं होतं. तो ते करू लागला. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. केशरबाईचं डोकं मांडीवर, शेजारी उकळलेलं पाणी आणि कुंच्या. काही महिने बरे गेले. ती पातळ कण्या पिऊ लागली, विमलबाईला पूर्वीसारखे टोमणे मारू लागली. मग जबडा पुन्हा आवळत आला. गालाच्या आत जखम उघडी पडली आणि तोंडाला वास येऊ लागला.

शेजारी बारसं होतं. केशरबाई नेहमीसारखी पंगतीत मधोमध बसली. बाजूच्या बाईनं काही न बोलता पदर नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. पुढच्या पंगतीला केशरबाई कडेला बसली. त्यानंतरच्या पंगतीला पत्रावळ घेऊन भिंतीशी, पंगतीकडे पाठ करून. मग तिनं जाणंच सोडलं. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. ग्यानबा सूप घेऊन फिरायचा आणि पंगतीतली तिची जागा भरलेली त्याला दिसायची. बापाबरोबर उंबऱ्याबाहेर थांबलेले दिवस त्याला आठवायचे. तेव्हा बाहेर थांबवणारे दुसरे होते. आता ती आपली आपणच बाहेर गेली होती.

"कोनं काई म्हनलं का तुले?" त्यानं विचारलं.

"कोनी कायले म्हनीन? लोकाईच्या तोंडचा घास मीच कायले खराब करू?"

अशातच उन्हाळ्यात बेबीचं लग्न ठरलं. मुलगा केनवडचा, शाळेवर मास्तर. घरात धांदल सुरू झाली, आणि केशरबाईनं आपलं ठरवून टाकलं.

"पंगतीच्या टायमाले मी आत बसीन," तिनं ग्यानबाला सांगितलं. बोलणं आता दातांच्या आडून यायचं, सवय असलेल्यालाच कळायचं. "इहिनीनं विचारलं तं सांगजा, ताप हाय म्हना."

ग्यानबा निंबाची काडी तासत होता. त्यानं चाकू खाली ठेवला.

"नाई. तू पंगतीत बसशीन. मधात."

"वास येते."

"थे मी पाह्यतो."

"लग्नात शोभा होईन पोरीची."

"माय आत लपून बसली, याच्याऊन मोठी शोभा कोनती?"

त्या दिवसापासून ती स्वतः होऊन दुपारी मांडीवर डोकं ठेवायला येऊ लागली, आणि ग्यानबाला कळलं की तिलाही बसायचं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर बाकी कशाची आशा आता दोघांनाही नव्हती. लेकीच्या लग्नात एकदा पंगतीत बसणं, एवढंच उरलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात मांडवाची गडबड चालली असताना तो तिला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. निंबाचा पाला, मीठ आणि लवंगा घालून पाणी उकळून ठेवलं होतं. आदल्या दिवशी बसून खास कुंच्या केल्या होत्या, आजवरच्या सगळ्यांत बारीक. तोंड आता जेमतेम करंगळी जाईल एवढंच उघडत होतं. त्या फटीतून तो एकेक दात शोधत गेला. दोन दातांच्या मध्ये कुंची घालायची, हळूच मागेपुढे करायची, काढून पाण्यात बुडवायची, पुन्हा घालायची. जखमेजवळ आला की केशरबाईची मूठ त्याच्या बंडीला घट्ट व्हायची. तो थांबायचा. मूठ सैल झाली की पुन्हा सुरू करायचा.

"पाटलिनीनं बी कवा अशी खिदमत करून घेतली नसंन," तो पुटपुटला.

तिनं त्याच्या पोटात कोपर मारलं. तेवढंही बळ तिच्यात असल्याचं त्याला बरं वाटलं.

पाणी लाल होत गेलं, मग फिकं झालं, मग स्वच्छ आलं. मांडवातून सनई ऐकू येऊ लागली होती.

"झालं?"

"झालं. आता कोनाले वास येनार नाई."

तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले?"

"मले तं कवाच नाई आला," ग्यानबा म्हणाला.

त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, बेबीचं लग्न लागलं. पहिली पंगत बसली तेव्हा विमलबाईनं बहिणीला धरून आणलं आणि मधोमध बसवलं. एका बाजूला विमलबाई स्वतः बसली. दुसऱ्या बाजूला केनवडची विहीण, प्रयागबाई, मोठ्या अंगाची, गंभीर चेहऱ्याची. तिला आजाराचं ऐकून ठाऊक होतं, जवळून पाहिलेलं नव्हतं. ग्यानबा मांडवाच्या खांबाशी सूप घेऊन उभा होता. त्याचं लक्ष एका जागी होतं, प्रयागबाईच्या उजव्या हातावर. तो हात पदराकडे जातो की काय, एवढंच तो पाहत होता.

वरण-भात वाढला, वांग्याची भाजी वाढली, बुंदी पडली. लोक जेवू लागले. केशरबाईनं वरणात बोटं बुडवून ओठांना लावली. भाताची दोन शितं आत ढकलायचा प्रयत्न केला, ती बाहेर आली. प्रयागबाईचा हात थांबला. तिनं मान वळवून विहिणीकडे पाहिलं. वास लपला नव्हता. सकाळी धुतलेली जखम दुपारपर्यंत पुन्हा पाझरली होती आणि ग्यानबाला खांबाशी उभ्या उभ्या ते कळलं.

प्रयागबाईचा हात उचलला गेला. तो पदराकडे गेला नाही. तिनं केशरबाईच्या पत्रावळीतला भात ओढला, त्यावर आपल्या द्रोणातलं वरण ओतलं आणि बोटांनी कुस्करत बसली. भाताची पेज होईपर्यंत कुस्करलं. मग द्रोणात भरून तो द्रोण केशरबाईच्या ओठांशी धरला.

"प्या, इहिनबाई," ती म्हणाली. "पोरगी आमी नेऊन राह्यलो. तुमी उपाशी नोका राहू."

केशरबाई प्यायली. थोडं आत गेलं, बरंचसं हनुवटीवरून ओघळलं. विमलबाईनं ते आपल्या पदरानं पुसलं.

शेवटचा भात झाला. ग्यानबा सूप घेऊन निघाला. एकेक कोरणी ठेवत मध्यापर्यंत आला आणि केशरबाईच्या पत्रावळीपुढे थांबला. जिच्या तोंडात घास जात नाही तिच्यापुढे कोरणी ठेवणं ही थट्टा होती. न ठेवता पुढं जाणं म्हणजे तिला पंगतीतून वगळणं होतं. तो वाकला आणि त्यानं कोरणी ठेवली.

"चांगली पाहून द्या हो पाटील," ती म्हणाली.

शब्द दातांआडच राहिले. प्रयागबाईला ते कळले नाहीत, पंगत हसली नाही. विमलबाईनं मान खाली घातली. केशरबाईनं कोरणी उचलली आणि विरळ झालेल्या केसांच्या लहानशा अंबाड्यात खोचली.

बेबी सासरहून पहिल्यांदा माहेरी आली, ती आईच्या उशाशी बसायलाच. केशरबाई त्याच उन्हाळ्यात गेली. तिला आंघोळ घालताना विमलबाईच्या हाताला अंबाड्यातली कोरणी लागली. तिनं बाहेर येऊन विचारलं, "भाऊजी, काढू का?"

"राहू दे," ग्यानबा म्हणाला.

वर्षभर त्यानं चाकू हातात धरला नाही. मग पुऱ्यातल्या एका लग्नात तो पुन्हा सूप घेऊन उठला. लोकांना बरं वाटलं. पण आता तो पूर्वीसारखा नुसती कोरणी ठेवून पुढे जात नसे. प्रत्येकापुढे थांबायचा आणि विचारायचा, "एकाच जागी अडकते का? रोज त्याच दाढेत? तोंड उघड बरं." पंगतीचा खोळंबा व्हायचा. माणसं वैतागायची.

"ग्यानबा, कोरनी दे अन् पुढं सरक ना बावा. जेवल्यावर तोंड पाह्यची ही कोनती तऱ्हा?"

कुणी त्याला मागून डाक्टर म्हणायचं. तंबाखूची चंची काढलेला माणूस दिसला, तर ग्यानबा कोरणी न देताच पुढे जायचा. त्याच्याकडून कोरणी घेणारे कमी होत गेले. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात एका सकाळी विमलबाई निंदणाला निघता निघता त्याच्या दारात डोकावली. खुरपं तिच्या हातातच होतं.

"भाऊजी, एक कुची द्या बरं. उजव्या दाढेत सारखं अडकते."

ग्यानबा चूल पेटवत होता.

"कवापासून?"

"हे चार-आठ दिवस झाले असतीन. दुखते बी."

तो उठला, फुंकणी बाजूला ठेवली, खुंटीवरची बंडी काढली. "चाल."

"कुठं?"

"वाशीमले."

विमलबाई हसली. "काई बी काय भाऊजी. दातात अडकलं म्हनून कोनी दवाखान्यात जाते का?"

हे शब्द कुणाचे होते, हे तिला बोलून झाल्यावर उमगलं. तिचं हसू तिथंच राहिलं. ग्यानबानं बंडीच्या बाह्यांत हात घातले.

"जाते," तो म्हणाला.

ती खुरपं त्याच्याच ओसरीवर ठेवून मागोमाग निघाली. दवाखान्यात तिला आत घेतलं तेव्हा ग्यानबा दाराबाहेर उभा राहिला, बाक रिकामा असून बसला नाही. डॉक्टर बाहेर आला तसा तो त्याच्या आडवा आला.

"साहेब, मांस तं वाढलं नाई?"

"किडलेली दाढ होती. काढून टाकली."

"गालाच्या आतून पाह्यलं न तुमी? पांढरं काई?"

"काही नाही. नुसती दाढ आहे हो."

"नुसती दाढ," ग्यानबा म्हणाला. मग त्यानं दाढ मागितली. डॉक्टरनं त्याच्याकडे जरा पाहिलं आणि कागदात गुंडाळून दिली.

एसटी स्टँडवर विमलबाई गालात कापूस धरून बसली. कापसाआडून तिची कुरकुर चालू होती. आजचं निंदण बुडालं, मालकीण बोल लावील, घरी जाऊन पोरांना काय घालायचं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी भाऊजीनं सारा दिवस खाल्ला. ग्यानबा ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्यानं कागद उलगडला. दाढेला काळं भोक पडलेलं होतं आणि त्या भोकात काहीतरी तांबूस दिसत होतं.

त्यानं खिशातून कोरणी काढली, अणी भोकात घातली. ते लगेच निघालं. हलकं, पातळ, तुरीच्या डाळीचं फोलपट. त्याच्या तळहातावर ते पडून राहिलं.

विमलबाईची कुरकुर थांबली. ती त्याच्या तळहाताकडे पाहत राहिली.

"अडकलं होतं खरंच," ती म्हणाली.

"हो," ग्यानबा म्हणाला. "तुह्यं अडकलंच होतं."

रिठदची गाडी लागली. माणसं उठून दाराकडे धावली. विमलबाईनं त्याचं कोपर धरलं, पण तो उठेना. तळहात तसाच उघडा ठेवून तो बसला होता. ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली. गाडी भरली आणि निघून गेली. दुसरी संध्याकाळी होती.